फणसाच्या खोडावरची काळी लिपी: हे शैवाक नेमकं कोणतं?

फणसगरा

ठिकाण सावंतवाडीजवळ, उंची समुद्रसपाटीपासून साधारण ११० मीटर. झाड फणसाचं, वीसेक वर्षांचं, साल अजून बऱ्यापैकी गुळगुळीत. जमिनीपासून छातीच्या उंचीवर, उत्तरेच्या अंगाला तळहाताएवढे करडे-पांढरट डाग आहेत. डागाच्या कडेला बारीक काळसर रेष, आणि अंगावर सगळीकडे काळ्या रेघोट्या. लांबी २ ते ५ मिलिमीटर, रुंदी पाव मिलिमीटरच्या आसपास. काही सरळ, काही वाकड्या, काही बेचकीसारख्या फुटलेल्या. नखाने खरवडलं तर डाग सुटून येत नाही, सालीसकट निघतो.

मोबाइलच्या ॲपने 'ग्राफिस स्क्रिप्टा' असं नाव दिलं. शेजारपाजारचं मत 'बुरशी लागली, चुना फासा'. तर प्रश्न असे: नाव बरोबर आहे का, झाडाला यापासून धोका आहे का, आणि घरच्या घरी किती खोलात जाता येईल? फोटो जोडला आहे. भिंग आहे १० पटीचं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक रविवारी मिळू शकतो.

मोडीप्रेमी

फोटो बघून आधी वाटलं कुणीतरी पेशवे दफ्तरातला कागद खोडावर चिकटवला आहे. दुसऱ्या ओळीत 'राजश्री' स्पष्ट दिसतंय.

खारुताई

मोडी नाही हो, डॉक्टरांची चिठ्ठी आहे ती. औषधाच्या दुकानात दाखवा, लगेच वाचून देतील.

भिंगवाला

वर्णन इतकं नेटकं दिलंत की निम्मं काम झालंच आहे. गुळगुळीत साल, सालीत रुतलेली खपली, त्यावर लांबट काळी फळं. हे ग्राफिडेसी कुळ, आणि बहुतेक ग्राफिस प्रजातीच (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट). ग्रीक भाषेत 'ग्राफेइन' म्हणजे लिहिणं, त्यावरून हे नाव. लिनियसने १७५३ साली याला 'लायकेन स्क्रिप्टस' म्हटलं होतं. ग्राफिसमध्ये त्याला आणलं स्वीडनच्या एरिक आखारियसने. म्हणजे मोडीप्रेमींच्या आधी अडीचशेहून जास्त वर्षं लोकांना यात अक्षरं दिसत आली आहेत.

त्या रेघा म्हणजे बुरशीची फळं, 'लिरेला'. शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवल यांचं एकत्र कुटुंब. घर बांधते बुरशी, स्वयंपाक करतं शैवल. रेघेच्या दोन काळ्या कडांना ओठ म्हणतात आणि मधल्या फटीतून बीजाणू बाहेर पडतात.

आता एक साधी परीक्षा करा. डागाच्या एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका, अर्धा मिनिट थांबा आणि ब्लेडच्या टोकाने अगदी वरचा थर खरवडा. आत कोणता रंग दिसतो? गवतासारखा हिरवागार, की पिवळट, शेवाळी, नारिंगीकडे झुकणारा?

फणसगरा

@भिंगवाला, पिवळट-शेवाळी. एका जागी तर चक्क नारिंगी छटा आहे.

भिंगवाला

मग भागीदार ट्रेंटेपोहलिया. हे हिरव्या शैवलांतलंच आहे, पण पेशींत कॅरोटिनचे नारिंगी थेंब साठवतं, म्हणून खरवडल्यावर असा रंग येतो. पावसाळ्यात कोकणातल्या चिऱ्यांच्या गडग्यांवर आणि माडाच्या खोडांवर जो तांबूस-केशरी मखमली थर चढतो तो याचाच मोकळा भाऊबंद. ग्राफिडेसी कुळात भागीदार बहुतेक हाच असतो. उलट लेकॅनोरासारख्या खपली-शैवाकांत (सालीला खपलीसारख्या घट्ट चिकटलेल्या) गोल पेशींचं हिरवं शैवल असतं आणि खरवडलं की गवती हिरवा रंग दिसतो. हे खरवडणं फुकटात होतं आणि अर्धी यादी बाद करतं. तरी लोक ते सोडून थेट ॲप उघडतात.

सुपारीबाग

नावगाव काही असो, माझं मत शेजाऱ्यांच्या बाजूने. ज्या झाडावर हे वाढतं ती झाडं मरतुकडी दिसतात. सुपारीच्या जुन्या बागेत बघा, खोड पांढरंफटक असतं आणि फळ कमी. खरवडून बोर्डो पेस्ट लावली की झाड सुधारतं. हा अनुभव बऱ्याच बागायतदारांचा आहे.

क्षार

@सुपारीबाग, तुम्ही जे बघता ते खरं आहे, पण कार्यकारण उलटं लावताय. शैवाकाला मुळं नसतात. ग्राफिसचं अंग सालीच्या सर्वांत बाहेरच्या, मेलेल्या बुचाच्या थरांत असतं. रस वाहणाऱ्या थरापर्यंत ते पोचत नाही आणि झाडाकडून अन्न घेत नाही. साखर शैवल बनवतं, पाणी पावसाचं आणि धुक्याचं, क्षार खोडावरून ओघळणाऱ्या पाण्यातले.

म्हातारं किंवा उपाशी झाड हळू जाडावतं, त्यामुळे साल ताणली जात नाही, तडकत नाही, जागच्या जागी राहते. पानोरा विरळ झाला की खोडावर उजेड पडतो. हळू वाढणाऱ्या शैवाकाला या दोन्ही गोष्टी हव्याच असतात. खपली-शैवाकाची कड वर्षाला साधारण अर्धा ते दोन मिलिमीटर सरकते. म्हणजे तळहाताएवढा डाग काही दशकांचा असू शकतो किंवा शेजारी-शेजारी रुजलेले पाच-सहा छोटे डाग एकमेकांना भिडून झालेला असतो. फणसगरांच्या वीस वर्षांच्या झाडावर हा दुसरा प्रकार असणार. डागात आडव्या-तिडव्या काळ्या सीमारेषा दिसतील, शेताच्या बांधासारख्या. त्या रेषांनी वेगळे झालेले तुकडे म्हणजे वेगवेगळी कुटुंबं.

बोर्डो पेस्टने (१ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी) शैवाक मरतं, कारण तांबं त्याला सोसत नाही. पण पेस्टबरोबर माणूस झाडाला खतही घालतो आणि आळंही करतो. सुधारणेचं श्रेय मात्र पेस्टला जातं.

सुपारीबाग

बरं, घटकाभर धरू की अन्न खात नाही. पण ओल धरून ठेवतं आणि त्याखाली किडी लपतात, त्याचं काय?

क्षार

पानासारख्या, झुपकेदार शैवाकाखाली किडी लपतात, हे मान्य. ग्राफिसखाली लपायला जागाच नाही, ते सालीत आहे. तारेच्या ब्रशने घासलंत तर निघते ती साल, आणि जखमेतून खरे रोग आत जातात. घासायचंच असेल तर शेवाळ आणि झुपके ओल्या गोणपाटाने पुसा, खपलीला हात लावू नका.

खऱ्या रोगाशी गल्लत होऊ नये म्हणून दोन खुणा. फणसावर, काजूवर पावसाळ्यात गुलाबी रोग येतो. सुरुवात बहुधा फांद्यांच्या बेचक्यात, आधी कोळिष्टकासारखे रेशमी धागे, मग फिकट गुलाबी पातळ लेप. साल तडकते, डिंक गळतो आणि त्याच्या पुढची फांदी पानं टाकते. तिथे बोर्डो लावा, आजारी फांदी खाली कापून जाळा. दुसरी खूण खवले किडीची. नखाने एकेक खवला सुटा निघतो आणि चिरडला की ओला डाग पडतो. शैवाक यातलं काहीच करत नाही.

आमटीभात

मला एकच प्रश्न. गोड्या मसाल्यात चालेल का?

खारुताई

चालेल की. पण दगडफुलाऐवजी फणसाच्या सालीची आमटी होईल, कारण हे सालीशिवाय निघतच नाही असं वर लिहिलंय.

भिंगवाला

आमटीभात यांनी थट्टेत विचारलं, पण दगडफुलाचा इथे खरा उपयोग आहे. मसाल्यातलं दगडफूल पानासारखं शैवाक असतं, ग्राफिसचं फार लांबचं नातेवाईक. बाजारातल्या पुडीत तीन-चार जाती मिसळलेल्या असतात: पार्मोट्रेमा टिंक्टोरम, पार्मोट्रेमा रेटिक्युलॅटम, एव्हर्निॲस्ट्रम सिर्रॅटम वगैरे. या पुडीवर तुमची रसायनं तपासून घ्या, मगच फणसाकडे वळा.

रसायनं दोन. पहिलं के, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, १० टक्के: १० ग्रॅम गोळ्या पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर करायचं. गोळ्या पाण्यात टाकायच्या, गोळ्यांवर पाणी ओतायचं नाही. द्रावण चांगलंच तापतं, डोळ्यांवर चष्मा हवा. दुसरं सी, म्हणजे कपड्यांचं साधं ब्लीच, सोडियम हायपोक्लोराइट ४ ते ५ टक्क्यांचं, वास आणि जेल न घातलेलं. दोन्ही ड्रॉपरने ओतू नका. काचेची बारीक नळी किंवा टोकदार लाकडी काडी बुडवून टिंबाएवढंच लावा.

पुडीतला रुंद पानांचा, वर राखाडी आणि खाली काळा तुकडा निवडा. वरचा पापुद्रा खरवडून आतला पांढरा कापूस उघडा. त्यावर ब्लीच लावताच काही सेकंदांत लालभडक झालं तर टिंक्टोरम, आणि तुमचं ब्लीच ताजं आहे. लाल लगेच विरतं, त्यामुळे नजर हलवू नका. एकही तुकडा लाल झाला नाही तर ब्लीचचा क्लोरीन उडालाय, नवी बाटली आणा. मग पट्ट्यासारख्या अरुंद फांद्यांचा तुकडा घ्या, सिर्रॅटम, आणि आतल्या पांढऱ्यावर के लावा. आधी पिवळा, मग अर्ध्या-एक मिनिटात रक्तासारखा लाल. हे शैवाकातल्या सॅलॅझिनिक आम्लाचं काम. लाल होत नसेल तर के जुनं आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचं कार्बोनेट होत जातं, म्हणून छोट्या, घट्ट झाकणाच्या प्लास्टिक बाटलीत ठेवावं. काचेचं बूच अडकून बसतं.

आमटीभात

म्हणजे आमचा प्रश्न फुकट गेला नाही तर. घरात मात्र पुडी कुठे गेली याचं उत्तर आता तुम्हीच द्या.

सह्यसावली

उत्तम धागा. वाचनखूण साठवली आहे.

रानवाटा

राहण्याच्या जागेबद्दल थोडं, कारण तीही ओळखीतच मोडते.

ग्राफिसला गुळगुळीत, न सोलणारी साल लागते. फणस (तरुण), अंजनी, जांभळाच्या वरच्या फांद्या, सुपारी, हिरड्याच्या कोवळ्या फांद्या. पेरू, निलगिरी, अर्जुन ही झाडं साल टाकतात, म्हणून त्यांच्यावर खपली जमण्याआधीच तिचं घर गळून पडतं. जुन्या आंब्याच्या भेगाळ सालीवर लिपी कमी आणि पानासारखी शैवाकं जास्त दिसतात. त्याच आंब्याच्या मनगटाएवढ्या फांद्यांवर बघा, लिपी सापडेल.

खोडावरची जागाही बघावी. बुंध्याचा पहिला हातभर भाग बहुधा शेवाळाचा, तिथे चिखल उडतो आणि ओल टिकते. त्याच्या वर अर्धवट सावलीत लिपी. पानोऱ्यात, उन्हात, वेगळा संच. रस्त्याकडेच्या झाडांना चुना-गेरूचे पट्टे मारतात त्या पट्ट्यात ग्राफिस शोधू नका, चुन्याने सालीचा आम्लपणाच बदलतो.

कोरडेपणाचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये हे पार सुकून झोपतं, मरत नाही. हिरव्या शैवलाच्या भागीदारीचा फायदा असा की नुसत्या दमट हवेवरही पहाटे काम सुरू होतं. निळ्या-हिरव्या जीवाणूंची भागीदारी असलेल्या शैवाकांना मात्र प्रत्यक्ष पाणी लागतं.

निवांत

शैवाक म्हणजे स्वच्छ हवेचा पुरावा ना? मग फणसगरांनी आनंद मानावा, आणखी तपास कशाला?

रानवाटा

@निवांत, हे वाक्य शाळेच्या पुस्तकात सोपं करून आलेलं असतं, आणि निम्मं चुकतं. कोणतं शैवाक, हे कळल्याशिवाय हवेबद्दल काही बोलता येत नाही. युरोपात लेकॅनोरा कोनिझिऑइडिस नावाचं, सालीवरचंच खपली-शैवाक गंधकाच्या धुराने भरलेल्या शहरांत फोफावलं होतं. हवेतला सल्फर डायऑक्साइड कमी झाला तसं तेच ओसरत गेलं. आपल्याकडे शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडांवर पिक्सीन कोकोज आरामात असतं, धूर-धूळ सोसून.

क्षार

पिक्सीनवरून आठवलं, अतिनील टॉर्चची तपासणीही त्याच्यावर करून घ्या. ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च हवा. ३९५ चा स्वस्त टॉर्च सगळंच जांभळं दाखवतो आणि फसवतो. पिक्सीन कोकोज अंधारात पिवळंधमक चमकतं, त्याच्यातल्या लिकेक्झँथोन या द्रव्यामुळे. त्याच खोडावर त्याच्यासारखंच दिसणारं डिरिनारिया ॲप्लानाटा तसं पिवळं चमकत नाही. दोघंही सालीला इतकी चिकटून असतात की नवखा माणूस त्यांना खपली समजतो. कडेला बघा: बोटांसारख्या फाकलेल्या पाळ्या असतील तर ते पानवर्गातलं, खपली नाही.

फणसगरा

सगळ्यांचे आभार. पुडीवर रसायनं तपासली, दोन्ही चालतात. आता फणसावरचे निकाल:

सी: काही नाही. ३६५ चा टॉर्च: चमक नाही. के: आधी पिवळा, मिनिटाभरात गंजासारखा लाल. पण शेजारच्या नुसत्या सालीवरही के ने तपकिरी डाग पडला. मग हा लाल खरा की सालीचा?

भिंगवाला

शंका अगदी बरोबर घेतलीत, इथेच बहुतेक जण फसतात. सालीतली टॅनिनं के ने तपकिरी होतात, आणि ग्राफिसचा थर पातळ असल्याने खालचा रंग वर दिसतो. उपाय सूक्ष्मदर्शकाखाली. पांढऱ्या थराचं अगदी थोडं खरवडण कोरडं काचपट्टीवर घ्या, झाकणकाच ठेवा आणि काचेच्या कडेने के चा एक थेंब आत ओढू द्या. १०० ते ४०० पटीत बघत बसा. नॉरस्टिक्टिक आम्ल (हेही शैवाकातलंच) असेल तर पाच-दहा मिनिटांत लाल सुयांचे झुबके उगवताना दिसतील. सॅलॅझिनिकही लाल सुया देतं, पण त्या बारीक आणि वाकड्या. नॉरस्टिक्टिकच्या सरळ आणि टोकदार. नुसता पिवळा विरघळून पसरला आणि सुया नाहीत, तर स्टिक्टिक आम्लाचा संशय. नुसता तपकिरी पसरला तर साल.

आणि हो, ॲपच्या नावाचा निकाल इथेच लागतो. ग्राफिस स्क्रिप्टा ही थंड प्रदेशातली, मुळात युरोपातून वर्णन झालेली जात, आणि तिच्यात ही आम्लं नसतात, के ला ती काहीच उत्तर देत नाही. ॲपला हजारो युरोपीय फोटो दाखवलेले असतात, म्हणून काळी रेघ दिसली की ते स्क्रिप्टा म्हणतं. आपल्याकडच्या जुन्या याद्यांतही 'स्क्रिप्टा' हे नाव पोत्यासारखं वापरलेलं आढळतं, जे कळलं नाही ते आत टाकलं.

मोडीप्रेमी

म्हणजे 'लिपी' म्हणून ओळखली, पण मोडी की नागरी ते कळेना.

भिंगवाला

नेमकं तेच. आता अक्षरं फोडून बघायची.

डाग पाच मिनिटं भिजवा. रेघ मध्यम वयाची, फुगीर निवडा. जुन्या, उघड्या पडलेल्या रेघा आतून रिकाम्या निघतात. सालीचा तुकडा गाजराच्या किंवा भेंडाच्या फटीत धरून दाढीच्या नव्या ब्लेडने रेघेला आडवा छेद घ्या, उभा नाही. दहा-बारा काप घ्या, त्यातले दोन कामाचे निघतात. काप रेघेच्या मध्यावरूनच हवा. टोकाजवळ दोन्ही ओठ एकत्र येतात आणि सगळीकडे काळं दिसतं. तिरका कापही असाच फसवतो.

पाण्यात ठेवून आधी काळी भिंत बघा. कोळशासारखं काळं फक्त दोन बाजूंना आहे आणि तळ फिकट आहे, की तळालाही काळं आहे, इंग्रजी यू सारखं? की फक्त ओठांच्या टोकाला? मग ओठ: एकसंध गुळगुळीत, की कांद्याच्या पाकळ्यांसारखे खाचांनी थरथर झालेले? मग मधला बीजाणूंचा थर: काचेसारखा स्वच्छ, की तेलाच्या बारीक थेंबांनी गढूळ? शेवटी बीजाणू: रंगहीन की तपकिरी, नुसते आडवे पडदे की आडवे-उभे, विटांच्या भिंतीसारखे? किमान दहा बीजाणू मोजा, तेही धानीतून (बीजाणूंच्या पिशवीतून) मोकळे झालेले आणि फुगलेले.

पूर्वी सगळं वर्गीकरण बीजाणूंवरच उभं होतं. रंगहीन आणि आडवे पडदे म्हणजे ग्राफिस, रंगहीन भिंतीसारखे म्हणजे ग्राफिना, तपकिरी आडवे म्हणजे फिओग्राफिस, तपकिरी भिंतीसारखे म्हणजे फिओग्राफिना. चार खण, सोपं काम. २००२ साली शैवाक-अभ्यासक श्टायगर यांनी काळी भिंत, ओठ यांना महत्त्व देऊन हे खण मोडले, आणि आता भिंतीसारख्या बीजाणूंच्या कितीतरी जाती ग्राफिसमध्येच बसतात. जुनी 'की' (पायरीपायरीने जात ओळखण्याची सूची) वापरताना हे ध्यानात ठेवा. अवस्थींची सूक्ष्म-शैवाकांची की १९९१ ची आहे, भारतासाठी अजून उपयोगी, पण प्रजातींची नावं जुन्या खणांची. २००९ साली ल्यूकिंग आणि सहकाऱ्यांनी ग्राफिसची जागतिक की छापली, शेवटची पायरी तिच्यावर चढावी.

क्षार

आयोडिनची भर घालतो. ल्युगोल: १ ग्रॅम आयोडिन, २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, १०० मिलिलिटर पाणी. ग्राफिसचे पिकलेले बीजाणू त्यात निळे-जांभळे होतात, फिओग्राफिसचे तांबूस. हे महत्त्वाचं, कारण ग्राफिसचे मेलेले, अतिजून बीजाणू आपोआप तपकिरी पडतात आणि लोक त्यांना फिओग्राफिस म्हणून मोकळे होतात. के लावलेल्या कापावर थेट आयोडिन घालू नका, अल्कलीत आयोडिनचा रंगच उडतो. आधी पाण्याने दोनदा धुवा. जखमेवरचं पोव्हिडोन-आयोडिन नको, त्यात निळा नीट कळत नाही.

रानवाटा

कापाकापीच्या आधी भिंगातूनच बाद होणारे तोतये सांगून ठेवतो. ऑपेग्राफाच्याही काळ्या रेघा असतात, पण त्या सालीवर ठेवल्यासारख्या सुट्या, ठिसूळ, शैवाकाच्या पांढऱ्या थराची किनार नसलेल्या. आर्थोनियाचे डाग वेडेवाकडे, चपटे, त्यांना ओठच नसतात. सार्कोग्राफाच्या रेघा चांदणीसारख्या फुटतात आणि पांढऱ्या उंचवट्यात रुतलेल्या असतात. ग्लिफिसचे गोल उंचवटे, त्यात चॉकलेटी चक्रव्यूह. रेघ नसून नुसते काळे टिंब-टिंब असतील तर पायरेनुला आणि मंडळी. सुपारीवर ती भरपूर, म्हणून @सुपारीबाग, तुमचं 'पांढरंफटक खोड' एका जातीचं नसून दहा-पंधरा जातींची चाळ असू शकते. आणि खोडावर हळद सांडल्यासारखी पिवळी पूड दिसली तर ती क्रायसोथ्रिक्स, फळांशिवायच राहणारी.

सुपारीबाग

चाळ म्हणालात ते आवडलं. भाडं कोण देतं?

रानवाटा

कुणीच नाही. पागडीची चाळ आहे.

सह्यसावली

नमुना कसा जमवावा हेही कुणीतरी लिहा, म्हणजे धागा पूर्ण होईल.

भिंगवाला

परसातलं झाड असेल तर प्रश्न नाही. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय साल काढू नये.

धारदार चाकू तिरपा धरून २ बाय ३ सेंटिमीटरची, फक्त बाहेरच्या मेलेल्या सालीची चकती. हिरवा ओला थर दिसला तर खोल गेलात. डागाची कड आणि रेघा दोन्ही याव्यात. वर्तमानपत्रात दोन-तीन दिवस सुकवा. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको, कोकणातल्या दमट हवेत चार दिवसांत खरी बुरशी येते आणि मग शेजारी बरोबर ठरतात. मग घडीच्या कागदी पाकिटात, आणि पाकीट आठवडाभर फ्रीजरमध्ये, पुस्तकी किडे मरतात. पाकिटावर झाड, जमिनीपासूनची उंची, दिशा, उजेड, जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख. 'फणस, छातीच्या उंचीवर, उत्तर बाजू' हे तीन तपशील पुढे सर्वांत उपयोगी पडतात आणि सर्वांत जास्त विसरले जातात.

फोटो तीन: अख्खं खोड, डाग मिलिमीटर-पट्टीसकट, आणि भिंगातून जवळचा. जवळचा फोटो एकदा कोरड्याचा, एकदा ओल्याचा. पक्क्या तपासणीसाठी पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत शैवाकांवर जुनं काम आहे. पश्चिम घाटातल्या ग्राफिडेसीच्या कितीतरी जाती पटवर्धन, मखीजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथूनच वर्णन केल्या, आणि अजरेकर कवक संग्रहालयही तिथेच आहे. लखनऊच्या एनबीआरआय या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतही मोठा संग्रह आहे.

निवांत

एवढं सगळं एका रेघेसाठी? आमच्याकडे सात-बाराचा उतारा याहून लवकर मिळतो.

खारुताई

नक्की कुठे राहता? तिथे जागा घ्यायची आहे.

फणसगरा

रविवारचे निकाल. काळी भिंत दोन्ही बाजूंना, तळ फिकट (सहा कापांत तसंच, एका तिरक्या कापात तळ काळा दिसला, तो सोडला). ओठ एकसंध, खाचा नाहीत. वर पांढरी पूड नाही. मधला थर स्वच्छ. बीजाणू रंगहीन, आडवे पडदेच, बारा मोजले: लांबी २२ ते ३४, रुंदी ६ ते ८ मायक्रॉन. ल्युगोलमध्ये निळे-जांभळे. के खाली लाल सुया, सरळ, टोकदार, सातव्या मिनिटाला.

भिंगवाला

सुंदर. तर हे ग्राफिसच, स्क्रिप्टा नाही. सरळ सुया म्हणजे नॉरस्टिक्टिक. एकसंध ओठ, बाजूंनाच काळं, स्वच्छ थर, लहान आडव्या पडद्यांचे बीजाणू, नॉरस्टिक्टिक: ही वाट ग्राफिस लिब्राटाकडे जाते. ओठांवर पांढरी पूड असती तर ग्राफिस कॅसिएलाकडे वळलो असतो, म्हणून दोन-तीन जुन्या आणि दोन-तीन कोवळ्या रेघा कोरड्या असताना पुन्हा बघा. ओल्यात पूड दिसत नाही, आणि भिजवूनच काप घेतले असणार.

फणसगरा

खरंय, सगळं ओल्यावरच बघितलं. उद्या दुपारी कोरडं बघतो.

क्षार

आणि पातळथर वर्णलेखन (मिश्रणातली द्रव्यं पट्टीवर वेगळी करण्याची पद्धत) करून घेता आलं तर टोल्युइन १७० भाग आणि ॲसेटिक आम्ल ३० भाग या मिश्रणात पट्टी चालवायला सांगा, शेजारी दगडफुलाचा अर्क लावून. नॉरस्टिक्टिक आणि सॅलॅझिनिक त्यात लांब-लांब थांबतात, सुयांच्या आकारावर वाद राहत नाही.

फणसगरा

कोरड्या रेघा बघितल्या. कोवळ्या, जुन्या मिळून चौदा. पूड कुठेच नाही, काळ्या कुळकुळीत. पाकिटावर सध्या असं लिहिलंय: 'ग्राफिस, लिब्राटाजवळची, नॉरस्टिक्टिक (सुया), फणस, १.३ मी., उत्तर.' चुन्याची बादली शेजाऱ्यांना परत केली आहे.

आमटीभात

आणि दगडफुलाची पुडी?

फणसगरा

ती संपली. गोडा मसाला या आठवड्यात ब्लीचशिवायच करा.